डावीकडे मी

टेलिफोन ऑफिसच्या भिंतीवरचं चित्र रविवारी सकाळी दहाला उघडायचं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, खुर्च्या सांगून झाल्या होत्या, आणि पेंटरबाईंचं काम बुधवारी संध्याकाळीच जवळजवळ उरकलं होतं. राहिलं होतं ते फक्त खांद्यावरचं चिन्ह. फोटोत ते फ्रेमच्या कडेखाली दबलेलं होतं, म्हणून गुरुवारी सकाळी बाईंनी फ्रेम पालथी घातली, मागचे चार खिळे पकडीनं उपसले आणि पुठ्ठा वर केला.

फोटोच्या पाठीवर शाईनं लिहिलेलं होतं. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर मोकळं आणि वळणदार होतं. 'डावीकडे मी. उजवीकडे माझा दोस्त. आईला दाखवून पेटीत जपून ठेवा.'

बाईंनी फोटो सुलटा केला. पालथा केला. पुन्हा सुलटा केला. मग मान वर करून परांचीच्या बांबूंमधून भिंतीवरच्या पाच फुटी चेहऱ्याकडे पाहिलं.

भिंतीवर रंगवला होता तो उजवीकडचा.

फोटो होता किल्लीवाल्या काकांचा, आणि त्यात त्यांचा दादा होता. हा दादा पूर्वी याच टेलिफोन ऑफिसात लाइनमन होता. पुढे सैन्यात गेला, तिथंही त्याच्याकडे तारांचंच काम आलं. चौपन्न वर्षांपूर्वी युद्ध पेटलं तेव्हा पुढच्या ठाण्यापासून मागच्या इस्पितळाच्या तंबूंपर्यंतची टेलिफोनची तार तोफगोळ्यांनी एका दिवसात सात वेळा तुटली. सातही वेळा तो तार चाचपत गेला आणि जोडून आला. म्हणजे सहा वेळा आला. सातव्या वेळी तार जोडली गेली, तिच्यावरून तंबू हलवायचा निरोप गेला, त्र्याऐंशी जखमी माणसं वेळेत बाहेर निघाली. तो मात्र परतला नाही. सैन्याच्या मानपत्रात हे सगळं चार ओळींत लिहिलेलं होतं, आणि त्या चार ओळी घेऊन काका सहा वर्षं या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरले होते, तेव्हा कुठं ही भिंत मिळाली.

काकांचं दुकान भिंतीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. चार फूट रुंद. दिवसभर किल्ल्यांच्या नकला काढायच्या. अस्सल किल्ली एका चिमट्यात, कोरी दुसऱ्यात, आणि केसभर फरक पडला तरी कानस घेऊन पुन्हा घासायची. अशा माणसानं पहिल्या दिवशी फोटो बाईंच्या हातात दिला आणि काचेवर बोट ठेवून सांगितलं होतं, "हा माझा दादा."

बोट होतं ते उंच, झुपकेदार मिशीच्या, कॅमेऱ्यात बघून मनमोकळं हसणाऱ्या जवानावर.

"आणि शेजारचे?" बाईंनी तेव्हा विचारलंही होतं. शेजारी एक किरकोळ, बुटका जवान होता. फोटो काढताना त्याची पापणी लवली होती आणि टोपीखालून कान बाहेर आले होते.

"असेल कुणीतरी बरोबरचा," काका म्हणाले होते. "मी चार वर्षांचा होतो हो दादा गेला तेव्हा. मला त्याची आठवण एकच. युनिफॉर्म घालून आलेला, मला उचललं, आणि दाराच्या वरच्या चौकटीला हात लावायला लावला. 'पोचलास की गड्या!' म्हणाला. बस, एवढंच. पण हा चेहरा मी विसरणार नाही." त्यांनी तेलकट हातानंच डोळे पुसले होते आणि गालावर काळा ओघळ उमटला होता. काकांची मिशीही त्या चेहऱ्यासारखीच होती. विसाव्या वर्षापासून तशीच राखलेली, आता पांढरी झालेली.

गेले दहा दिवस, चेहरा आकाराला यायला लागल्यापासून, काका दुकानाचं शटर वर करताना भिंतीकडे बघून म्हणायचे, "चला दादा, बसतो कामाला."

आता बाई परांचीच्या खाली फोटो धरून उभ्या होत्या आणि पलीकडून काकांनी हात वर करून विचारलं, "झालं का चिन्ह?"

"होतंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी आधी स्वतःची समजूत काढायचा प्रयत्न केला. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? आपण फोटो बघतो तेव्हा आपली डावी बाजू, पण ते दोघं उभे होते तेव्हा त्यांची डावी बाजू उलटीच ना? लिहिणाऱ्यानं स्वतःच्या हाताचा विचार केला असेल तर 'डावीकडचा' म्हणजे आपल्या उजवीकडचा. म्हणजे मिशीवालाच. म्हणजे सगळं ठीक आहे. असं म्हणून त्या दोन पायऱ्या चढल्या, ब्रश रंगात बुडवला, आणि तो तसाच धरून पुन्हा खाली उतरल्या. फोटो दाखवताना असं कोण मोजतं? डावीकडचा म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुपारी जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा रिक्षा चालवायचा, त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीतून निघायची एखादी गल्ली त्याला माहीत असायची.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "फोटो परत फ्रेममध्ये घाल, खिळे ठोक आणि विसरून जा."

"आणि त्यांची बहीण? ती येणार आहे रविवारी. तिनं भर कार्यक्रमात विचारलं, हा कोण म्हणून?"

"त्र्याहत्तर वर्षांची बाई. तिला काय दिसतंय आता?"

"तिला नसेल दिसत. मला दिसतंय ना."

"चूक तुझी नाहीच मुळी. बोट त्यांनी ठेवलं."

"ब्रश तर माझा होता."

बाईंचे वडीलही बोर्ड रंगवायचे. ते म्हणायचे, चुकलेलं अक्षर गावाला चार दिवस दिसतं आणि पेंटरला जन्मभर. बाईंना जेवण गेलं नाही. सांगावं तर काकांच्या काळजावर घाव, आणि न सांगावं तर एका मेलेल्या माणसाच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बहिणीचा, म्हणजे ताईंचा, नंबर त्यांच्याकडे होता. चित्राखालच्या मजकुरासाठी जन्मसाल विचारायला काकांनीच दिलेला. चार वाजता बाईंनी फोन लावला.

"ताई, नमस्कार. मी भिंतीवाली पेंटर."

"बोल ग. जन्मसाल सांगितलं की तुला."

"हो, ते झालं. सहजच विचारत होते, तुमचे दादा उंच होते का हो?"

"उंच? छे ग! भरतीच्या वेळी टाचा उचलून उभा राहिला असणार, असं बाबा चिडवायचे त्याला."

बाईंनी भिंतीला टेकून घेतलं. "आणि मिशी?"

"एकदा हौस आली होती. दहा केस उगवले, पाच इकडे पाच तिकडे. आईनं हसून हसून पुरेवाट केली, मग काढून टाकली."

"आणि कान?"

"कानांचं तर विचारूच नकोस!" ताई हसायला लागल्या. "वारा सुटला की याला खुंटीला बांधा, असं म्हणायचो आम्ही." मग हसणं थांबलं. "पण हे सगळं मला का विचारतेस? फोटो आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, आहे. जरा पुसट झालाय," बाई खोटं बोलल्या आणि फोन ठेवला.

आता शंकेला जागाच उरली नव्हती. गुरुवार संपत आला होता.

शुक्रवारी सकाळी काकांनी दुकान उघडल्या उघडल्या त्या रस्ता ओलांडून गेल्या. काका मशीनवर होते. किल्ली घासल्याचा कर्कश आवाज थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. आवाज थांबूच नये असंही त्यांना वाटत होतं.

"काय पेंटरबाई, चेहरा का उतरलाय? रंग संपला की काय?"

बाईंनी फोटो पालथा करून त्यांच्या समोर ठेवला. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. मग फोटो उलटा केला, बघितला, आणि पुन्हा वाचलं. बाईंनी कालपासून जे जे केलं होतं तेच सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत होत होतं.

"डावं-उजवं काय," काका शेवटी म्हणाले, "आरशात बघितलं की उलटंच दिसतं. त्यानं घाईत लिहिलं असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं, काका. म्हणून मी ताईंना फोन केला."

"ताईला? मला न विचारता?"

"त्यांना काही सांगितलं नाही मी. फक्त विचारलं. तुमचे दादा उंच नव्हते, काका. त्यांना मिशी नव्हती. कान मोठे होते."

काकांनी फोटो टेबलावर ठेवला, अगदी हळू. मग आवाज चढला. "माझ्या भावाचा चेहरा मला तुम्ही सांगणार? बावीस फूट उंचीची भिंत चढता आली म्हणजे घरात घुसायचा परवाना मिळाला का? मला उचललंय त्यानं! या इथं, काखेत धरून! तुम्ही कुठं होता तेव्हा?"

किल्ली न्यायला आलेला एक माणूस दारातच थबकला आणि मागे वळला. काकांनी मशीनचं बटण बंद केलं, शटर धाडकन खाली ओढलं आणि भिंतीकडे न बघता निघून गेले.

बाई परांचीपाशी येऊन बसल्या. वरचा चेहरा हसत होता. त्यांच्या हातून इतका सजीव चेहरा कधी उतरला नव्हता, आणि आता तोच त्यांना बघवत नव्हता. काका ऑफिसात जाऊन तक्रार करतील का? पेंटरनं फोटो बिघडवला म्हणतील का? की काहीच म्हणणार नाहीत, रविवारी हार घालतील, आणि आपण जन्मभर हा रस्ता टाळत फिरू? हात रिकामे नकोत म्हणून त्यांनी धुतलेले ब्रश पुन्हा एकदा धुतले.

दुपारी बाराच्या सुमाराला एक बुटकी, ताठ म्हातारी हातात पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एका हातानं उन्हाला आड करून ती भिंतीकडे बघत होती. बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण कान बघितले आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"ताई?"

"तूच ना ती? कानांबद्दल विचारून फोन ठेवलास, मला घटकाभर चैन पडेना. सकाळची पहिली बस धरली." ताईंनी नजर भिंतीवरून काढली नव्हती. "हा इथं कसा?"

"तुम्ही ओळखता यांना?"

"ओळखते म्हणजे? दादाचा दोस्त हा. दादाची पेटी घेऊन हाच तर आला होता घरी."

तेवढ्यात काका आले. घरी त्यांना चैन पडली नसावी. ताईंना बघून ते मधेच थांबले. शाळेतून पळून आलेल्या मुलासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"बाळ्या," ताई म्हणाल्या, "अरे, हा दादा नव्हे."

काकांनी भिंतीकडे नजर टाकली.

"तुला इतकी वर्षं हाच दादा वाटत होता? अरे, फोटोत दोघं आहेत, त्यात सांगायचं काय, असंच मी धरून चालले. आईनं तर फोटो पेटीतून बाहेरच काढू दिला नाही कधी. तू लावलास तो ती गेल्यावर. मी तेव्हा सासरी. येते, बघते, नमस्कार करते. मी कुणाला करते आणि तू कुणाला करतोस हे कुणाला ठाऊक?"

"मला आठवतो तो," काका म्हणाले. "यानं मला उचललं होतं, ताई. चौकटीला हात लावायला."

ताईंचे डोळे भरून आले. "उचललं होतं ना. तीन दिवस राहिला होता तो. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तुला कुणी बघेना, म्हणून तोच तुला घेऊन फिरायचा. तुला भरवलंही त्यानंच."

"मग दादा?"

"दादा तुला शेवटचा भेटला तेव्हा तू सव्वा वर्षाचा होतास, बाळ्या. तुला काय आठवणार?"

काका टेलिफोन ऑफिसच्या पायरीवर बसले. ते आपल्या हातांकडे बघत होते. "म्हणजे मला त्याचं काहीच आठवत नाही," ते म्हणाले.

बाई जरा दूर जाऊन उभ्या राहिल्या. दोन भावंडांत आपण काय बोलायचं? पण घड्याळ काही थांबत नव्हतं. शुक्रवारचा एक वाजला होता.

काकाच उठून त्यांच्याकडे आले. "सकाळी बोललो ते मनावर घेऊ नका. हे पुसायला किती वेळ लागेल?"

"पुसता येत नाही, काका. वरून रंगवावं लागेल. बाकी चेहऱ्याचं होईल, पण मिशी आणि भुवया मी ऑइलपेंटनं केल्यात, चमक यावी म्हणून. त्यावर दुसरा रंग धरत नाही. आधी घासून काढायला हवं. त्यातच अर्धा दिवस जाईल."

"घासायचं काम माझं," काका म्हणाले. "आयुष्यभर तेच केलंय."

आणि खरोखरच ते परांचीवर चढले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हातात पॉलिशपेपर, गुडघे कुरकुरताहेत. खालून ताई ओरडत होत्या, "अरे, बांबू धर! पाय बघून टाक! एक भाऊ गेलाय, दुसरा नको!" बाईंचा जीव टांगणीला लागला होता. काका पडले तर? फळी सुटली तर? पण काकांनी एकदा कडेचा दोर घट्ट धरला आणि मग खाली बघितलंच नाही. मिशीच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली आणि बोटभर-बोटभर घासत डावीकडे सरकले. काळी भुकटी त्यांच्या हातांवर, शर्टावर, त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या मिशीवर बसत होती. मधेच ते थांबले, कपाळ भिंतीला टेकवलं. पुन्हा घासायला लागले.

खाली उतरल्यावर म्हणाले, "आता मला काही विचारू नका. मला तो चेहरा माहीत नाही. ताईला विचारा." आणि दुकानात जाऊन भिंतीकडे पाठ करून बसले.

शनिवारचा दिवस बाई पुढं कधी विसरल्या नाहीत. फोटोतला चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, त्यात पापणी लवलेली. त्यावर चौकोन पाडून त्यांनी भिंतीवर आकार घेतला, पण चौकोनांतून माणूस येत नाही. ताई खाली छत्री उघडून स्टुलावर बसल्या होत्या आणि तिथून सांगत होत्या. हनुवटी अजून आत. गाल एवढे भरलेले नकोत, त्याला कुठं खायला वेळ होता. नाक जरा बसकं. बाई बदलत होत्या, ताई बघत होत्या, आणि अकराच्या सुमाराला ताई अचानक गप्प झाल्या.

बाई खाली आल्या. "काय झालं? चुकतंय का?"

"कळत नाही ग." ताईंनी भिंतीवरची नजर काढली. "हे नाक मी कुणाचं सांगतेय? मला वाटतंय, बाबांचं सांगतेय. तो चोवीस वर्षांचा होता, आणि मी आता... चौपन्न वर्षं झाली. मला आठवतंय की मी बनवतेय? एकदा चुकलं ते चुकलं, आता माझ्या तोंडून पुन्हा चुकलं तर?"

या बाईच्या आठवणीपलीकडे जगात दुसरा आधार नव्हता, आणि तीच डळमळत होती. भिंतीवर अर्धवट, भुवयांशिवायचा चेहरा उन्हात वाळत होता. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते, एकमेकांच्या कानाला लागत होते.

"ताई," बाई शेवटी म्हणाल्या, "नाक सोडा. ते घरी असले की काय करत बसायचे, ते सांगा."

"काय करणार? तारा सोलत बसायचा. ऑफिसातले तुकडे आणायचा घरी. दातांनी सोलायचा, आई ओरडायची. मान अशी खाली, खालचा ओठ जरा पुढं आलेला. हाक मारली तर 'हं' म्हणायचा, पण वर बघायचा नाही. हातातलं झाल्याशिवाय वर बघायचाच नाही." बोलता बोलता ताईंनी स्वतःच मान खाली घातली होती, आणि त्यांचा खालचा ओठ पुढं आला होता.

बाई तशाच वर चढल्या. समोर बघणारे डोळे त्यांना माहीत नव्हते, ताईंनाही सांगता येत नव्हते. पण हातातल्या कामाकडे झुकलेल्या पापण्या त्यांना आत्ताच, छत्रीखाली, दिसल्या होत्या. त्यांनी मान खाली वळवली, नजर चित्रात आधीच रंगवलेल्या हातांतल्या तारेकडे उतरवली, ओठ पुढं काढला. कान मात्र फोटोत होते तसेच, काही कमी न करता. चारच्या सुमाराला त्या मागं सरकल्या तेव्हा खालून काहीच आवाज आला नाही. त्यांनी भीत भीत खाली पाहिलं. ताई छत्री मिटून उभ्या होत्या आणि तोंडावर पदर धरून रडत होत्या.

"हं म्हणेल आता," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी परांची उतरली, भिंतीवर मोठा पडदा बांधला गेला. काकांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

रविवारी दहाला खुर्च्या भरल्या. मोठे साहेब आले, मानपत्र वाचलं गेलं. बाई मागच्या रांगेत, अगदी कडेला बसल्या होत्या. दहा दिवस अख्ख्या रस्त्यानं मिशीवाला चेहरा पाहिला होता. आता दुसराच दिसल्यावर लोक काय म्हणणार? पेंटरनं घोटाळा केला, दुसरं काय? आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे काका. त्यांनी नवा चेहरा पाहिलाच नव्हता. त्यांनी तोंड फिरवलं तर?

काका आणि ताईंनी मिळून दोरी ओढली. पडदा एका बाजूनं अडकला, मग सुटला.

टाळ्या वाजल्या आणि लगेच विरळ झाल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, परवा तर वेगळाच होता!" खुसखुस सुरू झाली. दोन-तीन माना मागं वळल्या, बाईंना शोधत.

काका भिंतीकडे बघत होते. किती वेळ, ते बाईंना सांगता आलं नसतं. मग ते वळले आणि त्यांनी माईक मागून घेतला. त्यांना बोलायची सवय नव्हती.

"परवा वेगळा होता, बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी. पेंटरबाईंची नाही. मी बोट चुकीच्या माणसावर ठेवलं. आयुष्यभर चुकीच्या माणसावर ठेवलं. पहिला होता तो माझ्या भावाचा दोस्त. भाऊ गेल्यावर त्यानं मला तीन दिवस सांभाळलं, म्हणून मला तोच भाऊ वाटला. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं." त्यांनी भिंतीकडे हात केला. "हा माझा दादा. मी याला आज पहिल्यांदा बघतोय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुसखुसही थांबली. मोठे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, मग शेजारचे उठले, आणि हळूहळू सगळेच. बाई सगळ्यांत शेवटी उठल्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काकांनी दुकानातलं मशीन फिरवून घेतलं आणि भिंतीकडे पाठ करून काम करायला लागले. मिशी त्यांनी काढली नाही. घरच्यांनी विचारलं तर म्हणाले, ही माझी आहे. दोस्ताच्या शोधात सैन्याच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली, पण नाव ना गाव, उत्तर यायचं कसं?

बाईंची काळजी निराळी होती. वरच्या ओठावर खालचं ऑइलपेंट पुरतं निघालं नसलं तर रंग फुगणार, पोपडा सुटणार, आणि एखाद्या दिवशी दादाच्या चेहऱ्यातून दुसऱ्याच कुणाची तरी मिशी डोकवायला लागणार. दर पंधरा दिवसांनी त्या शिडी घेऊन यायच्या, वर चढून ओठावरून बोट फिरवायच्या. ऊन झालं, पाऊस झाला, थंडी सुरू झाली.

असंच एकदा सकाळी त्या वर होत्या तेव्हा खालून आवाज आला. "फुगलंय का?"

काका शिडी धरून उभे होते. पलीकडे दुकानात मशीन पुन्हा रस्त्याकडे वळवलेलं होतं.

"नाही. सपाट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही चांगलं घासलंत."

"एक विचारू? मी कुठंही उभा राहिलो तरी तो माझ्याकडे बघत नाही. पहिला बघायचा."

"मान खाली आहे ना त्यांची. तार जोडताहेत."

"ते कळलं हो." काका जरा हसले. "पहिले दोन महिने रागच यायचा. चौपन्न वर्षांनी घरी आलास आणि वर बघायला तयार नाहीस! मग ताई आली होती, ती म्हणाली, तुलाही हाक मारली तर तू नुसतं 'हं' म्हणतोस आणि किल्ली घासत बसतोस. मला माहीतच नव्हतं."

रस्त्यापलीकडे एक बाई हातात कुलूप घेऊन दुकानासमोर उभी होती आणि कुणी आहे का म्हणून आत डोकावत होती.

"हं, आलो!" काका ओरडले, आणि शिडी नीट टेकली आहे ना ते हलवून बघून रस्ता ओलांडून गेले.